‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ : गाण्याचं साल सरकवलं तर चालेल, ठपका सरकवला तर?

कॅसेटची_बी_बाजू :

रॉक बँडवर चरित्रपट आला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एकीकडे ‘खरं बघायचंय तर माहितीपट बघा’, दुसरीकडे चुकांच्या लांबलचक याद्या. याद्या हव्यातच. पण मिशी चुकीच्या वर्षी उगवली ही चूक आणि एखाद्या माणसाने न केलेली गोष्ट त्याच्या नावावर घातली ही चूक, दोन्ही एकाच तराजूत तोलल्या जातात. ते मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्यावरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) घेऊ. क्वीनच्या मैफलींच्या तारखा पक्क्या आहेत, लाइव्ह एड या १९८५ च्या मदतनिधी मैफलीचं चित्रीकरण कुणालाही बघता येतं, शिवाय बँडचे गिटारवादक ब्रायन मे आणि ढोलवादक रॉजर टेलर दोघेही निर्मितीत होते. त्यामुळे ‘माहीत नव्हतं’ ही सबब इथे कुणाला देता येत नाही. जे बदललं ते जाणूनबुजून.

सुरुवातीचे बदल साधे आहेत. पडद्यावर मे आणि टेलरच्या स्माइल या आधीच्या बँडचा गायक टिम स्टाफेल त्याच रात्री सोडून जातो, फ्रेडी बाहेर गाडीपाशी मे आणि टेलरला भेटतो, गाऊन दाखवतो, आणि पुढच्या कार्यक्रमात जॉन डीकनसकट चौघे मंचावर. प्रत्यक्षात फ्रेडी आणि स्टाफेल ईलिंगच्या कला महाविद्यालयातले मित्र. फ्रेडी स्माइलच्या मागेपुढेच असायचा आणि मधल्या काळात आयबेक्स, सावर मिल्क सी अशा बँडमध्ये गाऊनही झालं होतं. क्वीन १९७० ला सुरू झालं. डीकन आला १९७१ ला, आणि त्याच्या आधी तीन बास वादक येऊन गेले होते. ते तिघे गाळले म्हणून कुणाचं वाकडं झालं नाही. १३४ मिनिटांत तीन बास वादकांची ये-जा दाखवली असती तर प्रेक्षक चौथ्यालाही विसरला असता.

माझी कसोटी अशी : बदलामुळे फक्त वेळ वाचला, की कुणाचा दोष किंवा कुणाचं श्रेय जागचं हललं? पहिलं असेल तर पटकथाकाराची सोय म्हणून सोडून द्यावं. दुसरं असेल तर प्रेक्षकाने जाब विचारावा.

मंद्रसप्तक :

कसोटी चांगली आहे, पण गाण्यांचं साल सरकवणं तुम्ही फार स्वस्तात सोडताय.

१९७४ च्या पहिल्या अमेरिका दौऱ्याच्या दृश्यात ‘फॅट बॉटम्ड गर्ल्स’ वाजतं. हे गाणं १९७८ च्या ‘जॅझ’मधलं. १९७४ ला क्वीन मॉट द हूपलच्या आधी वाजवणारा बँड होता आणि तेव्हाचं त्यांचं संगीत म्हणजे ‘क्वीन टू’ : थरावर थर चढवलेले आवाज, एकाच गाण्यात चार वळणं. १९७८ पर्यंत ते सुटसुटीत, मैदानात हजारोंनी एकत्र गावं अशा रचनांकडे आले होते. मधल्या चार वर्षांत बँड काय शिकला हीच तर संगीतकाराची गोष्ट. नंतरचं गाणं आधी ठेवलं की त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून येत होतं असं दिसतं.

‘वी विल रॉक यू’चं तर फार वाईट वाटतं. पडद्यावर १९८० ची पाटी येते, फ्रेडी मिशी ठेवून येतो आणि मे पाय आपटून ठेका दाखवतो. गाणं १९७७ चं, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मधलं. १९७७ च्या इंग्लंडात पंक हे साधं, रांगडं रॉक संगीत जोरात होतं आणि क्वीनसारख्या भपकेबाज बँडांना लोक कालबाह्य ठरवत होते. त्या वर्षी ढोलाचा संच बाजूला ठेवून पाय-पाय-टाळी एवढ्यावर अख्खं गाणं उभं करायचं, गिटार शेवटी आणायची, हा निर्णय काय धाडसाचा होता ते १९७७ म्हटल्याशिवाय कळतच नाही. १९८० म्हटलं की ती नुसती एक युक्ती उरते.

जाता जाता, मिशी हा पडताळ्याचा सोपा खिळा आहे. १९८० च्या आधी मिशी नाही.

उलटी_मोजणी :

मूळ मुद्द्याकडे येतो. या सिनेमाचा सगळा डोलारा एका घटनेवर उभा आहे : फ्रेडी एकट्याच्या अल्बमचा करार करतो, बँड फुटतो, काही वर्षं कुणी कुणाशी बोलत नाही, आणि लाइव्ह एडसाठी सगळे पुन्हा एकत्र येतात. आता तारखा लावून बघा.

फेब्रुवारी १९८४ ला ‘द वर्क्स’ हा अल्बम आला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये युरोप दौरा. ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतलं सन सिटी. जानेवारी १९८५ मध्ये ब्राझीलचा रॉक इन रिओ. एप्रिलमध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया, मे महिन्यात जपान. १५ मे १९८५ ला ओसाकात दौरा संपला. लाइव्ह एड १३ जुलै १९८५. मध्ये दोन महिनेसुद्धा नाहीत. फ्रेडीचा एकट्याचा अल्बम ‘मिस्टर बॅड गाय’ एप्रिल १९८५ च्या शेवटी बाजारात आला, तेव्हा बँड ऑस्ट्रेलियात एकत्र वाजवत होता.

आणि एकट्याने अल्बम करणारा फ्रेडी काही पहिला नव्हे. टेलरचा ‘फन इन स्पेस’ १९८१ चा, दुसरा अल्बम १९८४ चा. मेचं ‘स्टार फ्लीट प्रोजेक्ट’ १९८३ चं. म्हणजे ज्या कृत्याबद्दल पडद्यावर फ्रेडीला अपराधी ठरवून माफी मागायला लावली आहे, ते बाकीच्या दोघांनी त्याच्या आधी केलं होतं. ते दोघे हयात आहेत, निर्मितीत होते, आणि फ्रेडी १९९१ ला गेला. धागाकर्त्यांच्या कसोटीवर हा बदल सरळ नापास.

त्याच समेटाच्या दृश्यात बँड अट घालतो की यापुढे गाणं कुणीही लिहो, नाव क्वीनचं आणि पैसे चौघांत सारखे. ही व्यवस्था खरी आहे, पण ती ‘द मिरॅकल’पासूनची, म्हणजे १९८९ ची. तोवर ज्याने गाणं लिहिलं त्याचं नाव लागायचं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या एकेरी तबकडीची मागची बाजू टेलरच्या ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ला मिळाली, तेव्हा तबकडी विकली गेली की मागच्या गाण्यालाही तेवढीच रॉयल्टी. त्यावरून धुसफूस खरोखर झाली होती. १९८९ चा शहाणपणाचा निर्णय १९८५ च्या शिक्षेत बदलून टाकल्यामुळे चौघांनी आपण होऊन केलेली गोष्ट एकावर लादलेली वाटते.

पडद्यामागे :

तारखा सगळ्या मान्य. पटकथेच्या बाजूने थोडं सांगतो, कारण हे बदल का होतात ते कळलं तर टीका नेमकी करता येते.

लाइव्ह एड शेवटी ठेवायचं हे एकदा ठरलं की लेखकाला त्या मंचावर जाताना काहीतरी पणाला लागलेलं हवं असतं. नुसतं ‘चांगला चाललेला बँड अजून एक कार्यक्रम करतो’ यावर शेवटची वीस मिनिटं तोलत नाहीत. मग नाटक तीन ठिकाणांहून ओढून आणलं : फुटलेला बँड, दुरावलेले वडील, आजाराचं (एड्सचं) निदान. तिन्ही गाठी एकाच दिवशी सुटतात. शिवाय १९८५ नंतरचं सगळं, म्हणजे १९८६ चा मॅजिक दौरा, नेबवर्थची ९ ऑगस्टची शेवटची मैफल, मोन्सेरात काबायेबरोबरचं ‘बार्सिलोना’, शेवटची ध्वनिमुद्रणं, हे सिनेमाच्या हद्दीबाहेर गेलं. तिथली जी भावना हवी होती ती उचलून मागे आणावी लागली.

त्यात चित्रीकरणाच्या शेवटी दिग्दर्शक ब्रायन सिंगरला काढलं आणि डेक्स्टर फ्लेचरने काम पुरं केलं. संकलनाला ऑस्कर मिळालं ते अशा साहित्यातून सलग गोष्ट उभी केल्याबद्दलही असावं असं मला वाटतं.

माझा प्रश्न असा : सगळं खरं ठेवून लाइव्ह एडला पणाला लागेल असं काही होतं का?

उलटी_मोजणी :

होतं. सन सिटी.

ऑक्टोबर १९८४ ला क्वीनने बोफुथात्स्वाना या दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने उभ्या केलेल्या नामधारी देशातल्या त्या आलिशान ठिकाणी कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार चालू होता आणि संगीतकारांच्या संघटनेची बंदी होती. ब्रिटनमध्ये संघटनेने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं, वर्तमानपत्रांनी झोडपलं. नऊ महिन्यांनी हाच बँड आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्ब्लीच्या मंचावर उभा राहिला. ७२,००० लोक समोर, आणि त्यातले बरेच त्यांची तिकिटं काढून आलेले नव्हते.

याहून मोठं नाटक कुठून आणणार? पण हे दाखवलं असतं तर चूक चौघांची ठरली असती, हयात असलेल्यांची सुद्धा. पडद्यावर सन सिटी नाही. त्याजागी एकट्याच्या अल्बमवरून फुटलेला बँड आहे आणि चूक फ्रेडीची आहे. नाट्यमय स्वातंत्र्य नाटकासाठी घेतलं असं म्हणायला इथे जागाच राहत नाही, कारण खरं नाटक हाताशी होतं.

पडद्यामागे :

याला माझ्याकडे उत्तर नाही. सन सिटीवर दोन दृश्यं पुरली असती.

निळी_शाई :

का नाही दाखवलं, याचं उत्तर हक्कांच्या कागदात सापडतं.

बँडवरच्या सिनेमाला प्रत्येक गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात. एक रचनेची : गीत-संगीताच्या प्रकाशकाकडून, चित्राला गाणं जोडण्यासाठी. दुसरी मूळ ध्वनिमुद्रणाची : ज्याच्याकडे त्या मुद्रणाचा मालकी हक्क आहे त्याच्याकडून. रचनेची मिळाली आणि मुद्रणाची नाही, तर गाणं नव्याने गाऊन घ्यावं लागतं. रचनेचीच नाही मिळाली तर ते गाणं विसरायचं. माणसाच्या आयुष्यातल्या जाहीर घटना दाखवायला सहसा कुणाची परवानगी लागत नाही, पण गाण्याशिवाय बँडचा सिनेमा काढून दाखवा.

काढलेत लोकांनी. जिमी हेंड्रिक्सवरच्या २०१३ च्या सिनेमाला त्याची स्वतःची गाणी मिळाली नाहीत, म्हणून त्यात तो इतरांचीच गाणी वाजवताना दिसतो आणि गोष्ट प्रसिद्धीच्या उंबरठ्यावरच थांबते. डेव्हिड बोवीवरच्या ‘स्टारडस्ट’मध्ये (२०२०) बोवीची गाणी नाहीत. म्हणून निर्माता आधी वारस किंवा हयात सदस्यांकडे जातो, गाण्यांबरोबर त्यांना सल्लागार म्हणून घेतो, आणि तिथून पटकथेवर त्यांचा हात फिरतो. यात कुणाची लबाडीच असते असं नाही. स्वतःची आठवण स्वतःला सोयीची असतेच.

कायद्याचा दुसरा भाग हयात आणि मृत यांचा. इंग्लंड आणि अमेरिकेत मृत व्यक्तीची बदनामी झाली म्हणून दावा चालत नाही. (आपल्याकडे फौजदारी कायद्यात, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ आणि आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, मृत व्यक्तीवरचा आरोपही बदनामी ठरू शकतो. मात्र ती व्यक्ती हयात असती तर तिच्या प्रतिष्ठेला धक्का बसला असता, आणि आरोप जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्यासाठी केला होता, हे दोन्ही असावं लागतं.) त्यामुळे पटकथेत खलनायक हवा असेल तर वकील दोन नावं सुचवतो : मेलेला माणूस किंवा काल्पनिक माणूस. या सिनेमात दोन्ही आहेत.

काल्पनिक म्हणजे माइक मायर्सने केलेला रे फॉस्टर, जो सहा मिनिटांचं गाणं कोण वाजवणार म्हणून ते नाकारतो. क्वीनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत असा कुणी नव्हता. ज्या रॉय फेदरस्टोनवरून तो बेतल्याचं म्हणतात तो क्वीनचा चाहता होता. गाण्याच्या ५ मिनिटं ५५ सेकंदांबद्दल कंपनीत शंका होतीच, पण ती शंका तबकडी खपवायची असते त्या प्रत्येकाला येते.

मेलेला म्हणजे फ्रेडीचा खासगी व्यवस्थापक पॉल प्रेंटर. तो लाइव्ह एडचं निमंत्रण फ्रेडीपासून दडवतो, मग पावसात त्याला हाकलतात, मग तो दूरचित्रवाणीवर जाऊन गुपितं फोडतो. खरं निमंत्रण लाइव्ह एडचा आयोजक बॉब गेल्डॉफकडून बँडबरोबर कीबोर्ड वाजवणाऱ्या स्पाइक एडनीच्या ओळखीने आणि व्यवस्थापक जिम बीचच्या मार्गाने आलं. प्रेंटरला काढलं १९८६ ला, लाइव्ह एडनंतर. त्याने ‘द सन’ला मुलाखत विकली १९८७ ला, आणि ते कृत्य खरोखर नीच होतं. ऑगस्ट १९९१ ला तो एड्सनेच गेला. बँडमधल्या इतरांशी त्याचं पटत नव्हतं हे सगळे सांगतात. मग खरं तेवढंच दाखवायचं होतं. दडवलेल्या निमंत्रणाचा आरोप कशासाठी?

कॅसेटची_बी_बाजू :

निळी_शाई, अगदी हेच. भर घालतो : बँडचं पैशावरून खरं वैर ट्रायडंट या पहिल्या व्यवस्थापन कंपनीशी झालं. १९७५ ला त्यातून बाहेर पडले आणि ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’चं पहिलंच गाणं त्या रागातून आलं. सिनेमात ट्रायडंट नाही. आणि त्यांच्यानंतरचा व्यवस्थापक जॉन रीड, ज्याला पडद्यावर फ्रेडी भर गाडीतून उतरवून देतो, त्याच्याशी १९७८ च्या सुमारास सामोपचाराने फारकत झाली.

सूक्ष्मदर्शी :

आजाराच्या निदानाबद्दल कुणी बोललं नाही अजून. मला तो सगळ्यात गंभीर बदल वाटतो.

पडद्यावर फ्रेडीला लाइव्ह एडच्या आधी निदान कळतं आणि तालमीच्या वेळी तो बँडला सांगतो. त्याचा जोडीदार जिम हटनच्या आठवणींनुसार निदान १९८७ चं. जाहीर निवेदन २३ नोव्हेंबर १९९१ चं, आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू.

वैद्यकाच्या बाजूनेही १९८५ चा पूर्वार्ध अवघड आहे. प्रतिपिंडांच्या चाचणीला अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये रक्तदात्यांच्या रक्ताची सरसकट तपासणी ऑक्टोबर १९८५ ला सुरू झाली. विषाणूला एचआयव्ही हे नाव १९८६ ला मिळालं. एझेडटी हे पहिलं औषध मार्च १९८७ चं. म्हणजे निदान १९८५ की १९८७ यावर माणसाला डॉक्टरने काय सांगितलं असेल हे पूर्ण बदलतं.

आणि अर्थ कसा बदलतो बघा. सिनेमात क्रम असा लागतो : बँड सोडला, म्युनिकमध्ये रात्री घालवल्या, आजार झाला, माफी मागितली, मंचावर उद्धार झाला. आजार हा चुकीच्या संगतीचा हप्ता वाटतो. त्या काळात त्या रोगाभोवती हेच बोललं जात होतं आणि त्यापायी माणसांना घरातून, नोकरीतून काढलं गेलं. लाइव्ह एडमधला फ्रेडी मरणाच्या छायेत गात नव्हता. तो दौऱ्यावरून आलेला, गळा तापलेला, कामात मुरलेला गायक होता. ते तसंच ठेवलं असतं तर त्याच्या कर्तबगारीला काय कमी पडलं असतं?

फेडर :

सहमत. आता सिनेमाने जिथे नेकीने काम केलंय तिथलंही लिहायला हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल.

लाइव्ह एडचा मंच बोव्हिंग्डनच्या जुन्या विमानतळावर उभारला आणि सगळ्या चित्रीकरणात तेच आधी केलं. गर्दी मोजक्या माणसांची, उरलेली संगणकावर वाढवलेली. पियानोवरचे पेप्सीचे कागदी पेले, बिअरचे ग्लास, पांढरी बंडी, फिकट निळी जीन्स, दंडावरचा खिळ्यांचा पट्टा, पायांत आदिदासचे बूट : मूळ चित्रफीत शेजारी लावली तर हाताच्या हालचालींपर्यंत जुळतं. फ्रेडीची भूमिका करणाऱ्या रामी मॅलेकबरोबर पॉली बेनेट ही हालचालींची प्रशिक्षक होती. आवाज तिथे फ्रेडीचाच, त्या दिवसाच्या मूळ मुद्रणातला. इतरत्र मूळ मुद्रणं, कॅनडाचा गायक मार्क मार्टेल आणि थोडा मॅलेक असं मिश्रण. स्माइलचं ‘डुइंग ऑल राइट’ मे, टेलर आणि खुद्द स्टाफेल यांनी सिनेमासाठी पुन्हा वाजवलं. ही मेहनत दाद देण्यासारखी आहे.

आवाजाच्या बाबतीत एक मात्र खुपतं. पडद्यावर जिम बीच मिक्सरवर जाऊन फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वर सरकवतो आणि क्वीन सगळ्यांपेक्षा मोठ्याने वाजतं. ते काम क्वीनच्या ध्वनितंत्रज्ञाचं, ट्रिप खलाफचं. व्यवस्थापकाने गंमत म्हणून कळ सरकवली असं दाखवलं की तंत्रज्ञाचं कसब हवेत विरतं. मैफलीच्या मिक्सरवर नुसता मुख्य फेडर ढकलला तर मर्यादा घालणारं यंत्र शिखरं कापतं, आवाज मोठा होण्याऐवजी चपटा होतो, आणि माइकमधून शिट्टी सुटण्याचा धोका वेगळा. मोठा आणि तरी स्वच्छ आवाज काढायला कुठली पट्टी उचलायची, कुठली दाबायची हे कानाला कळावं लागतं. श्रेयाचा मुद्दा इथेही लागू होतो.

रॉकफील्ड स्टुडिओत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मुद्रित करण्याचं दृश्य मला आवडतं, पण ध्वनिमुद्रणाची खरी अडचण त्यात दोन झलकांत उरकली आहे. चोवीस ट्रॅकची फीत. ऑपेराच्या भागाला जवळजवळ तीन आठवडे लागले. गायक तिघेच : फ्रेडी मधल्या पट्टीत, मे खाली, टेलर वर. डीकन गात नाही. तिघांनी एक ओळ अनेकदा गायची, ट्रॅक भरले की ते सगळे एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, रिकामे झालेले ट्रॅक पुन्हा भरायचे. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. सारख्याच खरखरीचे दोन ट्रॅक एकत्र केले की ती ३ डेसिबलने वर जाते. वरचे सूर मात्र बोथट होतात. शिवाय तीच फीत शेकडो वेळा मुद्रणयंत्राच्या हेडवरून घासत गेली की तिच्यावरचा ऑक्साइडचा लेप झडतो. ही फीत उजेडात धरली तर आरपार दिसायची हे बँडने आणि निर्माता रॉय थॉमस बेकरने अनेकदा सांगितलंय. पडद्यावर ती दिसतेही, पण ‘आणखी एक गॅलिलिओ’च्या हशात निघून जाते. फीत संपायच्या आत काम संपेल का, हा ताण खरा होता. त्यासाठी काही रचायची गरज नव्हती.

टेबललँड :

आपल्या जवळचा भाग राहिला. फारूख बल्साराचा, म्हणजे फ्रेडीचा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल. आठव्या वर्षी मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये ठेवलं. फ्रेडी हे नाव तिथल्या मित्रांनी पाडलेलं. बॉक्सिंग, टेबल टेनिस, चित्रकला आणि पियानो तिथेच. १९५८ च्या सुमारास तिथल्या पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. एल्विस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे.

संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्या बँडचा मुख्य गायक ब्रूस मरे होता. बल्सारा पियानोवर. म्हणजे पुढे जगभर गायक म्हणून ओळखला गेलेला माणूस आधी कळफलकावर बसून साथ करायला, दुसऱ्याच्या गळ्याला जागा द्यायला शिकला. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पियानोवर रचलेली आहे, गिटारवर नाही. त्यातले कोमल स्वरांवरून उतरणारे घाट पियानोच्या हाताचे आहेत. पाचगणीचं एकच दृश्य असतं, एका मुलाने शाळेच्या सभागृहात पियानो बडवलाय आणि माइक दुसऱ्याच्या हातात आहे एवढंच, तरी पुढच्या सगळ्याला पाया मिळाला असता.

सुरुवातीची लाइव्ह एडची झलक सोडली तर सिनेमा सुरू होतो तो हीथ्रोवर सामान उचलणाऱ्या, ‘पाकी’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या तरुणापासून. घरच्या जेवणाच्या टेबलावर झांझिबारचा आणि पारशी असण्याचा उल्लेख आहे, पण पाचगणी नाही. जानेवारी १९६४ ची झांझिबारची क्रांती आणि लंडनजवळच्या फेल्थमला आलेलं कुटुंब, हेही पडद्यावर घडताना दिसत नाही.

सद्विचार, सद्वचन, सत्कर्म हे पारशी धर्माचं सूत्र वडिलांच्या तोंडी आहे, छान आहे. पण वडील-मुलाचा समेट लाइव्ह एडच्या दिवशी लावून दिलाय तो पटकथेचा.

मंद्रसप्तक :

टेबललँड, +१. ‘गायक नव्हे, आधी पियानोवाला’ हा मुद्दा कुठल्याच यादीत नसतो.

कॅसेटची_बी_बाजू :

इतर सिनेमांनी हे कसं सोडवलं तेही थोडक्यात बघू.

‘ट्वेन्टी फोर अवर पार्टी पीपल’ (२००२) मँचेस्टरच्या बँडांवर आहे. त्यात एका बदनामीकारक प्रसंगाच्या शेवटी खरा हॉवर्ड डिव्होटो पडद्यावर येऊन सांगतो की असं काही झाल्याचं मला आठवत नाही. प्रसंगही राहतो आणि त्या माणसाला बोलायची संधीही मिळते. मोटली क्रूवरच्या ‘द डर्ट’मध्ये (२०१९) पात्रं थेट कॅमेऱ्याकडे वळून कोणाला गोष्टीतून गाळलं ते सांगतात. एल्टन जॉनवरचा ‘रॉकेटमॅन’ (२०१९), तोही फ्लेचरचाच, पहिल्या पाच मिनिटांत नाचगाण्याची कल्पनासृष्टी उघडतो. मग १९७० च्या ट्रूबाडोर क्लबमध्ये १९७२ चं ‘क्रोकोडाइल रॉक’ वाजलं आणि माणसं जमिनीवरून वर तरंगली, तर ते कुणी इतिहास म्हणून घेत नाही. तरी तिथेही जॉन हे नाव लेननवरून घेतल्याचं दाखवलंय. ते लाँग जॉन बॉल्ड्रीवरून होतं, आणि बॉल्ड्रीचं श्रेय गेलं.

‘कंट्रोल’ (२००७) उलट्या टोकाला. जॉय डिव्हिजनचे फोटो १९७९ ला स्वतः काढलेला अँटन कॉर्बाइन दिग्दर्शक, कृष्णधवल चित्र, आणि नटांनी वाद्यं स्वतः वाजवलेली. त्यामुळे बँड कच्चा आहे तिथे कच्चाच ऐकू येतो.

निळी_शाई :

‘द डोअर्स’ (१९९१) विसरू नका. १७ सप्टेंबर १९६७ च्या एड सलिव्हन शोमध्ये ‘लाइट माय फायर’मधला ‘हायर’ हा शब्द बदला असं सांगितलं होतं. जिम मॉरिसनने नेहमीसारखाच सरळ गायला आणि पुन्हा त्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही. सिनेमात तो कॅमेऱ्यावर झेप घेऊन किंचाळतो. शांतपणे हुकूम न मानणारा माणूस जास्त धोकादायक वाटतो, तो किंचाळण्यात हरवला. आणि ‘बॅकबीट’मध्ये (१९९४) ‘लाँग टॉल सॅली’ लेननच्या तोंडी दिलं म्हणून मॅकार्टनीने जाहीर नाराजी व्यक्त केली होती, कारण ते गाणं तो गायचा.

तबकडी_३३ :

वाचनखूण साठवली. एक व्यावहारिक प्रश्न : पुढचा असा सिनेमा बघताना सामान्य प्रेक्षकाने नेमकं काय तपासावं?

उलटी_मोजणी :

एक कागद घ्या, डाव्या बाजूला बँडच्या अल्बमची सालं लिहा. मग सिनेमातली गाणी ज्या क्रमाने वाजतात त्या क्रमाने उजवीकडे. जिथे नंतरचं गाणं आधी आलंय तिथे खूण. त्यानंतर शेवटच्या मोठ्या मैफलीच्या आधीची बारा महिन्यांची दौऱ्याची तारीखवार यादी बघा. ‘फुटलेला बँड’ तिथे लगेच उघडा पडतो, कारण रिकामे महिने दिसत नाहीत. बाकीच्या सदस्यांच्या एकट्याच्या अल्बमची सालंही तिथेच टाका. मग श्रेयनामावलीत सल्लागार आणि कार्यकारी निर्माते कोण ते वाचा, आणि पडद्यावर कुणाची चूक कधीच होत नाही ते आठवा. दोन याद्या जुळल्या तर सावध व्हा. शेवटी खलनायकाचा मृत्यू कधी झाला ते बघा.

गेल्डॉफच्या दूरध्वनींचं दृश्यही असंच तपासा. क्वीन मंचावर येईपर्यंत फोन शांत असल्याचं दाखवलंय. देणग्या दिवसभर येत होत्या, आणि त्यांना जोर आला त्यात गेल्डॉफने दूरचित्रवाणीवरून चिडून केलेल्या आवाहनाचा आणि दुष्काळाच्या चित्रफितीचा मोठा वाटा होता.

फेडर :

तबकडी_३३, आणि तुलना करायचीच तर चित्रपटगृहातली आवृत्ती घेऊ नका. तिच्यात ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ आणि ‘वी विल रॉक यू’ गाळलेली आहेत. घरच्या डिस्कबरोबर पूर्ण लाइव्ह एड दिलंय. ते आणि मूळ चित्रफीत एकाच वेळी सुरू करा, पियानोच्या पहिल्या सुरावर जुळवा, आणि मूळ फितीचा आवाज ठेवून सिनेमाचा बंद करा. मॅलेकचा श्वास कुठे फ्रेडीच्या श्वासाबरोबर पडतो आणि कुठे मागे राहतो ते ‘रेडिओ गा गा’मध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं.